माझे पिवळे, त्याचे सोनेरी

मैत्रिणींनो, अजून डोकं तापलेलं आहे.

ह्यांनी बोटीवर असताना मनिलाहून आणलेली कल्चर मोत्यांची माळ नातीला लग्नात द्यायची म्हणून आज नव्याने ओवायला नेली. निजामपुऱ्यातला सराफ म्हणाला, "मावशी, मोती पिवळे पडलेत, भाव येणार नाही. बदल्यात पांढरे घ्या." मीही मूर्खासारखी माळ पुढे सरकवली.

तेवढ्यात तो दुसऱ्या बाईंना सांगू लागला, "मॅडम, हे नैसर्गिक सोनेरी. रंगवलेले नाहीत, म्हणून पांढऱ्यांपेक्षा महाग."

मी माझी माळ उचलून त्या मोत्यांशेजारी ठेवली. रंग अगदी तोच.

"माझे कधी पिवळे पडले रे? तुझ्या दुकानात शिरल्यावर?"

"मावशी, बसा ना, चहा मागवतो."

माळ घेऊन निघाले. पण माझ्याआधी किती जणी आपले मोती तिथेच सोडून, वर चहा पिऊन आल्या असतील?