अंगठ्याखालचा सांधा

चाळीस वर्षं जोहे गावात गणपती घडवणाऱ्या हिरामणला एकच औषध ठाऊक होतं, ते म्हणजे प्लास्टर. मूर्तीचं बोट तुटलं काय नि भिंतीला चीर पडली काय, तो प्लास्टर भरायचा. कारखान्याच्या पत्र्याखालचा पाइप सांध्यात गळू लागला, तेव्हाही त्याने तेच थापलं. सकाळी नळाला जोर आला आणि प्लास्टरचा लगदा होऊन खाली पडला. रंगवलेल्या मूर्ती खालीच होत्या, फक्त डोळ्यांची आखणी राहिलेली. उद्या त्या न्यायला गाडी यायची होती.

"अनिता, मूर्ती हलव गो!"

सून अनिता मात्र बाहेर धावली आणि तिने कॉक बंद केला. माहेरी रोह्याला ती भावाबरोबर नळाची कामं करायची. "मामा, पाइप काय गणपती हाय? याला टेप लागते."

तिने सांधा खोलला, पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून तो पुन्हा आवळला आणि कॉक अर्धाच उघडला. "एवढा जोर बस झाला."

मूर्ती सुकली का बघावं तसा हिरामणने सांध्यावर अंगठा टेकवला. कोरडा. त्याने कुंचला उचलला आणि पहिल्या मूर्तीचे डोळे आखायला घेतले.