देवपूरच्या दर्यावहिनी

पौर्णिमेच्या भर दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता वहिनी मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता भरती लागली असेल. उधाणाचं पाणी आमच्या अंगणापर्यंत आलं असेल." खाली पांझरेच्या पात्रात घोटाभरही पाणी नसायचं. पण डहाणूकडच्या आपल्या माहेरच्या किनाऱ्यावर या घटकेला काय चाललं असेल, हे त्या नुसत्या तिथीवरून देवपुरात बसून सांगत. म्हणून आम्ही त्यांना दर्यावहिनी म्हणायचो.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्यातल्या या देवपूरच्या एका शाळेत नुकतीच लागले होते, आणि माझी खोली त्यांच्या शेजारीच होती. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते. बदली होऊन आले ते इथेच राहिले. वहिनींनी धुळ्याला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त एवढंच म्हणायच्या, "इथे सगळं आहे गं. वाऱ्याला तेवढी चव नाही."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांचा धाकटा भाऊ बाबू सुरतेवरून गाडीने नरडाण्याला उतरायचा आणि तिथून एसटीने घरी यायचा. सोबत सुक्या मासळीची टोपली असायची. घोळीचे जाडजूड तुकडे, सोडे, बोंबील. "बठ्ठी गल्लीमा वास सुटेल शे!" घरमालकीण अक्का ओरडायच्या, आणि संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर तेच आवडीने खायच्या.

वर्षं गेली तशी टोपली हलकी होत गेली. आधी घोळ गेली, मग सोडे. एका वर्षी करंगळीएवढे बोंबील आणि जवळा, एवढंच निघालं. वहिनींनी एक बोंबील उचलून पाहिला. "ही तर पिल्लं आहेत रे."

"ट्रॉलर तळापासून खरवडून नेतात, ताई. अंड्यावरची मासळीसुद्धा सुटत नाही. आपल्या होडीला उरतं ते हे."

"आणि कासवं? येतात का अजून?" लहानपणी त्यांचे वडील कासवांच्या अंड्यांवर काटेरी फांद्या टाकून राखण करायचे, हे आम्ही अनेकदा ऐकलं होतं.

बाबू मान खाली घालून म्हणाला, "जाळ्यात गुदमरतात. आम्ही परत पाण्यात टाकतो."

"आम्ही म्हणजे?"

तेव्हा कळलं, त्याने होडी विकली होती आणि तो ट्रॉलरवर लागला होता.

"बाबांचा मुलगा ना तू? सोड ते काम!"

"सोडतो. मग पोरांना काय घालू, तेही सांग."

बाबू न जेवताच निघाला. पुढच्या पावसाळ्यात वहिनी मला घेऊन नरडाण्याला गेल्या. सुरतेकडची गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. फलाट रिकामा झाला तरी त्या बाकावरून उठेनात. "चुकली असेल गाडी," एवढंच म्हणाल्या. तो त्यानंतर देवपूरला कधीच आला नाही.

यजमान निवृत्त झाल्यावर दोघं डहाणूकडे राहायला गेली. गच्ची ओकीबोकी वाटायला लागली. पश्चिमेचं वारं सुटलं की मला त्यांची आठवण यायची. नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. तीच आमची शेवटची भेट.

भावाचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण बोलणं अजून बंदच होतं. पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूत एक मोठं कासव मरून पडलं होतं, मानेभोवती नायलॉनचं जाळं आवळलेलं. वहिनी त्याच्याजवळ बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात बाबू आला. कोयता काढून तो जाळं कापायला लागला.

"मेलंय रे ते," वहिनी म्हणाल्या.

"माहितेय, ताई. पण गळ्यात फास ठेवून कसं पुरायचं?"

दोघांनी मिळून खड्डा केला. मीही वाळू ओढू लागले.

दुपारी बाबू पुन्हा ट्रॉलरवर निघाला. वहिनींनी त्याला तांदळाची भाकरी बांधून दिली. "सोड" म्हणाल्या नाहीत. ट्रॉलर दिसेनासा झाला तरी त्या पाण्यात पाय रोवून, कपाळावर हाताचा आडोसा धरून तिकडेच पाहत होत्या.