युमी बूट घालून आत आली

काल दुकानात भाजलेल्या जवाच्या चहाचा वास आला आणि मी थेट आयर्लंडमधल्या डून लेरी गावातल्या त्या स्वयंपाकघरात पोचले.

२०११चा मार्च होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नोराआजींकडे भाड्याने राहायचे. त्यांनी तीस वर्षं जपानमध्ये मिशनरी म्हणून काढली होती. दर शुक्रवारी त्या जपानी विद्यार्थ्यांना हाच जवाचा चहा प्यायला आणि बायबल वाचायला बोलवत.

त्या शुक्रवारी टीव्हीवर जपानचा समुद्र गावांत शिरताना दिसत होता. त्या विद्यार्थ्यांमधली, एरवी दारातच बूट काढणारी युमी बुटांसकट आत आली.

"आई किनाऱ्यावर राहते. फोन लागत नाहीये. प्रार्थना करा ना."

नोराआजींनी हात जोडून डोळे मिटले.

दुपारी युमीचा मोबाइल वाजला. तिने तो माझ्याच हातात कोंबला. "तू घे. मला नाही ऐकवणार." पलीकडे एक बाई जपानीत रडत होती. मला काहीच कळेना. फोन नोराआजींना देऊन मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"मावशी आहे तुझी. आई टेकडीवरच्या शाळेत आहे, सुखरूप आहे."

युमी त्यांच्या गळ्यात पडली. "तुमच्या प्रार्थनेमुळे!"

"नाही गं. मला एक शब्द सुचला नाही. नुसती घाबरून बसले होते."

तेव्हा मला त्यांचा रागच आला. लोकांनी देवावर विश्वास ठेवावा म्हणून त्या आयुष्यभर झिजल्या, आणि युमीचा तो विश्वास एका 'हो'वर मिळत होता. तो खोट्या 'हो'वर न घेणं किती अवघड असेल, हे मला आता कळतं.