काकींचा घासलेला डबा

लग्न होऊन निरवांगीत आले तेव्हा मला दोनच गोष्टी नीट येत होत्या: इंग्रजी शिकवणं आणि आभार मानणं. पुण्यात रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना मी थँक्यू म्हणायचे. गावात त्याचा एवढा घोळ होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यातल्या काकी म्हणजे नवऱ्याच्या लांबच्या चुलती. मी सकाळी वालचंदनगरच्या शाळेत जायचे, दुपारी परत यायचे, तेव्हा घरातले सगळे डाळिंबाच्या बागेत असायचे. त्या सुन्या घरात माझ्याशी बोलायला येणारं माणूस एकच, काकी. त्यांची डेअरीकडं जायची पायवाट आमच्या अंगणातून होती. येता-जाता त्या पायरीवर टेकायच्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या, आणि मला फार बरं वाटायचं.

त्यांची गाय व्याली. काकींनी डबाभर चीक आणून दिला. मी खरवस केला, निम्मा एकटीनंच फस्त केला. मग डबा घासून लख्ख केला आणि त्यांच्या हातात देत म्हणाले, "थँक्यू काकी. मनापासून आभारी आहे हं."

काकींनी झाकण उघडून आत पाहिलं. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या. पायरीवर टेकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून काकी रस्त्यानं लांबचा वळसा घालून जायला लागल्या. हाक मारली की "घाई हाय." एक आठवडा गेला, दुसरा गेला. माझ्या भाकरीला नावं ठेवायला कुणी उरलं नाही. शेवटी नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला.

"डबा रिकामा दिलास? चिमूटभर साखर तरी टाकायची! आणि वर आभार? अगं, आपल्याकडं आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात. मग माणसं उठून घरी जातात."

मला रागच आला. एवढं गोड बोलून गुन्हेगार मीच?

त्याच आठवड्यात शाळेच्या लायब्ररीतलं गोष्टींचं एक जुनं इंग्रजी पुस्तक वाचताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ग्रॅमर्सी म्हंजी काय?" थँक्यूच, पण जुन्या काळातलं, असं मी ठोकून दिलं. मग मनाला टोचणी लागली म्हणून जाडजूड शब्दकोश काढला.

शब्द फ्रेंचांकडून आलेला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला मजुरीचा शब्द. पुढं ख्रिस्ती धर्माच्या लोकांनी तो वेगळ्याच मजुरीसाठी वापरला: ज्याला परतफेड जमणार नाही अशा माणसाचं भलं केलं, तर देव जे फळ देतो त्यासाठी. म्हणजे ग्रॅमर्सी म्हणणारा मुळात म्हणत होता, माझ्याच्यानं हे फिटायचं नाही, देव तुला भरभरून देवो. नंतर तो शब्द झिजून नुसतं थँक्यू झाला, मग नवल वाटल्यावर तोंडातून निघणारा उद्गार झाला, आणि शेवटी जुन्या पुस्तकांपुरता उरला.

शब्दकोश मिटला आणि मला तो लख्ख डबा आठवला. मी फेडून मोकळी झाले होते. काकींना मोकळं व्हायचंच नव्हतं.

दुपारी वाटी घेऊन त्यांच्या दारात गेले. रिकामीच.

"काकी, विरजण संपलंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का? शाळंत मिळत न्हाय व्हय?"

"तुमच्यासारखं नाही मिळत."

वाटीत दही पडलं. थँक्यू ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं. "देव तुमचा गोठा भरलेला ठेवो," म्हणाले.

"आगं बया! लई जाणत्या बाईवानी बोलाय लागलीस की."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पावलं वाजली. दारात काकी, हातात वाटी.

"साखर दे गं वाटीभर. पाव्हणं आल्यात."

मी वाटी शिगोशीग भरली. त्यांनी ती पदराखाली धरली, तव्यावरच्या भाकरीकडं बघून नाक मुरडलं, आणि आभाराचं एक अक्षरही न बोलता आमच्याच अंगणातून घरी गेल्या. मी दारात उभी राहून आनंदानं रडले.