बसून कमावलेली ताकद

सुरतेजवळच्या उधन्यात आमच्या तालमीत बसायला बंदी होती. कापडाच्या लूम कारखान्यातली बारा तासांची पाळी संपवून आम्ही खान्देशी पोरं थेट लंगोट कसायचो आणि दम तुटेपर्यंत जोर-बैठका काढायचो. मधेच कुणी टेकलं की वस्ताद अहिराणीत, का बसलास म्हणून दरडावायचे, "काब्र बठना रे? शेठ बनी ग्या का?" सगळे हसायचे. टेकलेला उठायचा.

मला त्या हसण्याची चीड यायची. वडील कामगारांच्या सभांतून पत्रकं आणायचे. त्यांवरच मी वाचायला शिकलो. विश्रांती हा हक्क आहे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. आणि इथे, आमच्याच तालमीत, कारखान्याचा कायदा चालत होता: माणूस सतत हलताना दिसला पाहिजे.

तालमीत मोडीत निघालेला एक बीम होता, मागावरच्या ताण्याचं सूत गुंडाळायचा जाड लोखंडी रूळ. दर शनिवारी मारुतीला नारळ फोडून तो छातीपर्यंत उचलून पाहायची रीत होती. बैठकांनी आमचा दम वाढला होता, कुस्तीला तो लागतोच. पण बीम कुणाच्याच गुडघ्याच्या वर येत नव्हता. हलकं कितीही वेळा उचला, एकदाच जड उचलायची ताकद त्यातून येत नाही.

वेटलिफ्टिंगवरच्या एका हिंदी पत्रकात वाचून मी वेगळा मार्ग धरला. सुट्टीच्या दिवशी, अंग ताजं असताना, पाइपला भंगारातली चाकं अडकवून जड वजन दोन-तीनदाच उचलायचं. मग श्वास खाली येईपर्यंत बसायचं. मग पुन्हा. हळूहळू एकेक चाक वाढवायचं.

वस्तादांनी मला बसलेलं पाहिलं. "शनिवारी बीम छातीला लाव. नाही लागला तर तालमीत पाय ठेवायचा नाही."

"आणि लागला तर?"

"तर बस खुशाल."

शनिवारी माझ्या आधी माझ्या कुस्तीतल्या जोडीदाराचा नंबर होता; त्याच्या हातून बीम निसटला. मी वाकलो, पाठ ताठ ठेवली, पायांनी जमीन ढकलली. बीम छातीला लागला.

"एकदा कुणीही उचलेल," वस्ताद म्हणाले. "लगेच पुन्हा उचल."

मी बीम खाली ठेवला आणि लाल मातीत मांडी घालून बसलो.

"चहा आणा रे शेठला!" पोरं हसली.

"खाट पण आणा!"

"ऊठ," वस्ताद ओरडले.

"उठेन. माझ्या वेळेला."

छातीतली धडधड शांत होईपर्यंत मी बसून राहिलो. मग उठलो आणि बीम पुन्हा छातीला लावला. या वेळी कुणी हसलं नाही.

"हा आळस सगळ्या तालमीत पसरेल," वस्ताद म्हणाले.

"पसरायलाच पाहिजे."

त्यांनी मान फिरवली आणि जोडीदाराला पुन्हा बीमकडे बोलावलं. तो माझ्या शेजारी येऊन बसला होता. "येतो वस्ताद," तो बसूनच म्हणाला, "घाई नका करू."