हरवलेलं मीठ

आई-बाबांच्या लग्नाचे फोटो मी इतके सुरक्षित ठेवले, की ते मलाही दिसेनात.

अल्बमला वाळवी लागली, म्हणून मी सगळे फोटो स्कॅन केले आणि अल्बम फोटोंसकट टाकून दिला. (इथेच थांबायला हवं होतं!) पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. स्कॅन केलेल्या फोटोंना कुलूप हवंच, आणि तयार कुलूप कसं चालेल? स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. पासवर्डमध्ये चिमूटभर ‘सॉल्ट’, म्हणजे काही वेडीवाकडी अक्षरं मिसळायची, ते मिश्रण लाखभर वेळा घुसळायचं, की फोटो उघडायची किल्ली तयार! सॉल्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. फाइलचं नाव ‘मीठ’.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी कर्वेनगरच्या घरी पंचवीस पाहुणे जमले. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, ऐटीत पासवर्ड टाकला. उत्तर आलं: मीठ सापडत नाही!

“अनघा, इथली मीठ नावाची फाइल?” मी बायकोला विचारलं.

“ती होय? मला वाटलं वाण्याची यादी. उघडली तर कीबोर्डवरून मांजर चालल्यासारखी अक्षरं! उडवली.”

“रिसायकल बिनमध्ये असेल ना?”

“तीही रिकामी केली. अर्धवट काम मला आवडत नाही.”

घामाघूम होऊन ऑफिसातल्या नेहाला फोन लावला.

“मीठ नाही, तर किल्ली नाही,” ती म्हणाली. “पण वेगळं कशाला ठेवलंस? ते गुपित नसतंच! कुलूपबंद फाइललाच जोडून ठेवायचं असतं.”

“मला वाटलं, लपवलं की जास्त सुरक्षित.”

“झालं की सुरक्षित!”

इकडे आई पैठणी सावरत म्हणाली, “लाव ना रे. माझ्या आईचा तेवढाच एक फोटो आहे.”

मी खरं ते सांगून टाकलं. आई नुसती काळ्या टीव्हीकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबा उठले आणि कपाटातून एक कोरा करकरीत अल्बम घेऊन आले.

“तू स्कॅन केलेस, त्याच दिवशी अनघाकडून पेनड्राइव्हवर घेतले आणि स्टुडिओतून छापून आणले.”

“अहो बाबा, पण मी कुलूप लावणार होतो ना!”

“म्हणूनच.”

आजीचा फोटो निघाला, आईने डोळे पुसले, अल्बम हातोहात फिरला. मोबाइलवर फोटो काढायला मीही पुढे झालो, तशी आईने अल्बम छातीशी धरला.

“तू नको. अनघा काढेल.”

ज्या बाईने फाइल उडवली, तिच्याकडे अल्बम गेला! मला पाहुण्यांना पाणी द्यायचं काम मिळालं. तेही बाबांच्या देखरेखीखाली.