उभ्या यंत्राचे तास

मिल बंद झाल्यापासून गोपीनाथराव स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे बसत. सारा जन्म कताई खात्यात गेलेला, त्या हातांना चैन कुठली! म्हणून त्यांच्या मुलीने, ऋजुताने, मल्हारगंजातल्या एका वर्कशॉपमध्ये आपलं यंत्र बसवलं तेव्हा देखरेखीला आणि यंत्राचे तास लिहायला बाबांनाच नेलं. ते पुन्हा डबा घेऊन घराबाहेर पडू लागले.

यंत्र म्हणजे गरगर फिरणारं पोलादी भांडं. आत दोन धातूंची पूड आणि पोलादाच्या गोळ्या. गोळ्यांच्या माराने कण चपटे होतात, चिकटतात, फुटतात, पुन्हा चिकटतात आणि न वितळताच दोन धातू एकजीव होतात. किती तासांत, ते कंप्युटरवर आधीच मांडून दाखवायचं, ही ऋजुताची पीएचडी. पण पूड ऐकेल तर शपथ! कंप्युटर म्हणे झालं, आणि भांड्यात पूड कच्चीच. वर्षभर तिने स्वतःच्याच गणिताला दोष दिला, ठिगळं लावून आकडे जुळवले. पीएचडीचे गाईड सर खूश झाले. प्रबंध सादर करायची तारीखही ठरली.

त्याच आठवड्यात ती दुपारी वर्कशॉपवर गेली. लाइट गेलेली, भांडं थांबलेलं, आणि बाबा शेजारी ताठ बसलेले.

"कधी गेली?"

"जेवणाच्या आधीच. तू तास पूर्ण धर."

"बाबा, मशीन तर बंद आहे!"

"तर काय झालं बेटा? मी ड्यूटीवर आहे ना! मिलमध्ये लाइट गेली तरी हाजरी कापत नव्हते. त्यासाठी किती लढलो होतो आम्ही."

ऋजुताला एकदम उलगडलं. लाइट तर रोजच जायची. म्हणजे गणित पहिल्यापासून बरोबर होतं, तासच खोटे होते. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि मोह झाला नाही असंही नाही. पण ते तिच्या घशाखाली उतरेना.

"इथे फिरल्याचेच तास धरतात, बाबा. सरांना सांगावं लागेल. सगळं पुन्हा करायचं."

"माझ्यामुळे?"

नाही म्हणायला हवं होतं. पण वर्षभराचा संताप असा उसळला होता, की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी भरलेला डबा ओट्यावर तसाच राहिला.

"बाबा, चला ना."

"तू जा बेटा. माझं तिथे काय काम!"

मिलला कुलूप लागलं त्या दिवशी ते मालकाला दिवसभर शिव्या घालत होते. आज त्यांनी कुणालाच काही म्हटलं नाही.